सभासदांचं पाणी

आमच्या थोरल्या दिरांचा पाण्यावर फार जीव होता. माणसांवर तितकासा नव्हता, पण दातांचे डॉक्टर असल्यामुळे माणसांशी संबंध यायचाच, तो त्यांनी कसाबसा निभावून नेला. रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते जलतरण क्लबात जायचे. तलावाच्या काठावर उभे राहून आधी नुसतं पाण्याकडे बघायचे, मग बोट बुडवून वास घ्यायचे आणि मग उतरायचे. क्लबाचे ते चिटणीस होते. हे पद त्यांना कुणी दिलं होतं, की दुसरं कुणी घेईना म्हणून त्यांच्याकडे राहिलं होतं, याबद्दल घरात बोलायची सोय नव्हती. 'आमचा तलाव' म्हणताना त्यांचा आवाज असा लागायचा, की नव्या माणसाला वाटावं, यांनी तो स्वतःच्या नखांनी खणलाय.

लढाई सुरू झाली आणि माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, आघाडीवर गेला. मी तेव्हा बंदराजवळच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचे. पहिल्याच बॉम्बहल्ल्यात दुकानाची दर्शनी काच रस्त्यावर आली. मालकाने उरलेले चष्मे पेटीत भरले, दाराला कुलूप लावलं आणि बहिणीकडे राहायला गेला. मला म्हणाला, लढाई संपली की ये. आता घरात बसून दिवसभर दिरांची मतं ऐकणं हा एक मार्ग होता. दुसरा म्हणजे शहराच्या आगी विझवायला स्वयंसेवक हवे होते, तिथे जाणं. मला आग सोपी वाटली.

"बायकांनी पाइप धरायचा?" जेवताना दिरांनी विचारलं. विचारलं म्हणजे मला नाही, जाऊबाईंना. माझ्याबद्दलचे प्रश्न ते नेहमी त्यांनाच विचारायचे. जाऊबाईंनी त्यांच्या ताटात आणखी वाढलं. हेच त्यांचं उत्तर असायचं, आणि दिरांना ते चालायचं.

आमची तुकडी म्हणजे एकूण चार माणसं. म्होरक्या होता एक नाचमास्तर. लढाईच्या आधी तो पोरीबाळींना आणि लग्न ठरलेल्या घाबरट पुरुषांना नाच शिकवायचा. बुटका, केसांना तेल चोपडलेला, आणि कुणी बघत असलं की मान उगाच उंच करणारा. त्याचा वर्ग रिकामा पडला होता म्हणून तिथेच आमचं ठाणं. चारी भिंतींना आरसे, त्यांच्यावर फुटू नयेत म्हणून कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. नाचताना हात टेकायला भिंतीलगत जो लाकडी दांडा होता त्यावर आम्ही ओले पाइप वाळत घालायचो. मास्तर आधी कळवळला. लाकूड फुगेल म्हणाला. मग त्यानेच पाइप ओळीने घातले, कारण आम्ही घातलेले त्याला बेढब दिसत होते.

दुसरा ढोल्या. बेकरीत भट्टीवर काम करायचा, त्यामुळे आगीचं त्याला काही वाटत नव्हतं. पळण्याचं मात्र वाटायचं. बेकरीची पाव पोचवायची गाडी तो चालवायचा आणि तिच्या मागे आमचा पंप जोडलेला असायचा. तिसऱ्या बाई. शाळेत भूगोल शिकवायच्या, शाळा बंद पडली होती. उंच, हाडकुळ्या, आणि समोरचा माणूस नापास होणार हे आधीच ठाऊक असल्यासारखं बघायच्या. पहिल्या दिवशी मास्तरने त्यांना हेल्मेट कसं घालायचं ते दाखवलं, तर म्हणाल्या, "टोपी घालता येते मला. तुम्ही पंप सुरू करून दाखवा." मास्तरला तो करता आला नाही. मग ढोल्याने केला. बाईंनी तिघांनाही कमी मार्क दिले असणार. चौथी मी.

सुरुवातीचे कितीतरी आठवडे विमानं आमच्याकडे फिरकलीच नाहीत. बंदराच्या बाजूला जायची, आम्ही लांबून लाल आकाश बघायचो. तेवढ्या काळात आमच्या वस्तीने आम्हाला काय म्हणायचं ते ठरवून टाकलं होतं: बादलीपलटण. आघाडीवर जायला नको म्हणून हे सोंग, असं पुरुष म्हणायचे. आणि असं म्हणणारे पुरुष स्वतः घरीच असायचे हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. बायका म्हणायच्या, नाचमास्तराबरोबर दोन बायका दिवसभर आरशाच्या खोलीत काय करतात. सगळ्यात पुढे होता पुठ्ठ्याच्या कारखान्यावर तिसऱ्या मजल्यावर राहणारा एक म्हातारा घड्याळजी. पाय अधू, जीभ धडधाकट. आम्ही सरावासाठी गल्लीतून पंप ओढत निघालो की हा खिडकीत हजर. "लवकर जा, चहा गार होतोय तुमचा!" एकदा तर त्याने वरून तांब्याभर पाणी ओतलं, सराव व्हावा म्हणून. बाईंनी ओल्या चेहऱ्याने वर बघितलं आणि त्याला म्हणाल्या, "नेम चुकला." ढोल्या दिवसभर हसत होता. मास्तर रुसला, कारण पाणी त्याच्या केसांवर पडलं होतं.

बाईंनी एक काम मात्र मन लावून केलं. वस्तीत कुठे किती पाणी साठलंय ते सगळं हिंडून बघितलं. कारंजी, टाक्या, धोबीघाट. सगळ्यात जास्त पाणी अर्थातच क्लबाच्या तलावात होतं, आणि तो तलाव पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या गल्लीला पाठ लावून होता. मध्ये फक्त एक भिंत आणि भिंतीत एक लोखंडी फाटक. रस्त्यातले नळ बंद पडले तर पंप त्या फाटकातून आत नेऊन तलावाच्या काठाशी उभा करायचा, असं त्यांच्या मनात होतं. पंपाचा पाणी ओढायचा पाइप आखूड होता, पंप पाण्याजवळ न्यावाच लागणार. क्लबाचं पुढचं दार दुसऱ्या रस्त्यावर, पायऱ्या चढून, गालिच्यावरून. तिथून पंप जाणं शक्य नव्हतं.

म्हणून मी दिरांना विचारलं. फाटकाची एक किल्ली ठाण्यात ठेवूया का, एवढंच. शहराच्या कचेरीनेही सगळ्या तलाववाल्यांना तसं कळवलं होतं. दीर हात धूत होते. ते फार वेळ हात धुवायचे. म्हणाले, हा विषय कार्यकारी मंडळापुढे ठेवावा लागेल. मंडळ कधी बसणार? बॉम्बहल्ले थांबले की. मला वाटलं विनोद करताहेत. पण विनोद आमच्या घराण्यात धाकट्या भावाच्या वाट्याला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाचं जुनं कुलूप काढून नवं, मोठं कुलूप घातलं आणि त्याची किल्ली स्वतःच्या जाकिटाच्या खिशात ठेवली.

मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या दिरांना एकदा मी शिकवायला हवं होतं, लहानपणी.

विमानं आमच्यावर आली ती टळटळीत दुपारी. भोंगा झाला आणि पाठोपाठ आवाज आलाच, मध्ये अंतर असं राहिलंच नाही. आधी मोठे बॉम्ब पडले, मग आग लावणारे छोटे. ते छपरांवर गारांसारखे वाजतात आणि काही वेळ नुसते पांढरे जळत राहतात, जणू कुणी दिवा लावून विसरलंय. तेवढ्या वेळात वाळू टाकली तर भागतं. पण त्यासाठी माणूस छपरावर हवा, आणि सगळी वस्ती तळघरात होती. पुठ्ठ्याच्या कारखान्याचं छप्पर पेटलं आणि बाजूच्या गोदामातल्या गठ्ठ्यांनी लगेच पेट घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा वरची माणसं खाली आली होती. शेजारीण ओरडून सांगत होती की घड्याळजी वरच आहे, त्याला जिना उतरवत नाही. कुणी त्याला उतरवलं का नाही, हे तिला मी विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अर्वाच्य बोलले.

रस्त्यातल्या नळाला पाइप जोडला, पाणी आलं. मास्तरने पाइपाचं तोंड धरलं आणि जिन्यावर सरळ फवारा ठेवला. जिना लाकडी होता, त्याच्या खालून धूर येत होता. बाईंनी दोर खांद्यावर घेतला आणि त्या फवाऱ्याच्या आडोशाने वर गेल्या. मी जाते म्हणाले होते. "तुझ्या अंगात दोर ओढायचा जोर आहे का?" एवढंच म्हणून त्या निघाल्याही. त्यांच्या अंगात होता का, हे विचारायला वेळ नव्हता.

आणि मग पाइप मऊ पडला. आधी फवारा वाकला, मग त्याची धार झाली, मग नुसता थेंब. कोपऱ्यावर पडलेल्या बॉम्बने रस्त्याखालचा मोठा नळ फोडला होता. मास्तर पाइपाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या माणसाचा चेहरा एवढा साधा मी कधी बघितला नव्हता. मान उंच नाही, काही नाही. तो मला म्हणाला, "फाटक."

मी धावले. गल्लीतून वळसा घालून पुढच्या रस्त्याला, क्लबाच्या पायऱ्या चढून आत. दरवान पळून गेला होता. तळघरात उतरले तर सभासद मंडळी बाकांवर बसलेली. काहीजण पोहतापोहता उठून आले होते, त्यांच्या अंगावर नुसते पांढरे झगे आणि ओले पाय. मध्यभागी दीर, पूर्ण कपड्यात, कोरडे. मी किल्ली मागितली. का ते सांगितलं. नळ फुटलाय, वर माणूस अडकलाय, बाई वर गेल्यात.

सगळे दिरांकडे बघायला लागले. तेवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते उठले. मला क्षणभर वाटलं, बरं झालं, हा माणूस निदान लाजेखातर तरी माणूस आहे.

तलावाजवळ आलो. पाण्यावर काजळी पडत होती. काळे ठिपके, जळक्या पुठ्ठ्याचे कागदासारखे पापुद्रे. किल्ली हातात घेऊन दीर थबकले. ते पाण्याकडे बघत होते आणि मी फाटकाकडे. फाटकाच्या सळ्यांतून पलीकडे ढोल्या दिसत होता, त्याने पंप आणून तयार ठेवला होता. दीर म्हणाले, ही गाडी इथे फरशीवर येणार? तेल गळतंय तिचं. मी म्हणाले, भाऊजी, किल्ली द्या. ते म्हणाले, अध्यक्ष शेजारच्याच इमारतीच्या तळघरात आहेत, त्यांना विचारून येतो, एवढं थांब. एकदा एकाला पाणी दिलं की उद्या प्रत्येकजण बादली घेऊन दारात उभा राहील, हे तुला कळत नाही.

मी त्यांच्या हातावर झडप घातली. त्यांची बोटं दाबून धरली. आयुष्यात मी त्या माणसाला पहिल्यांदाच हात लावत होते. त्यांनी हिसडा दिला, हात मोकळा केला आणि किल्ली तलावात फेकली. खोल पाण्याच्या बाजूला.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिशातून रुमाल काढून हात पुसत होते. रागही नव्हता चेहऱ्यावर, भीतीही नव्हती. शेंगांची टरफलं टाकावीत तशी किल्ली टाकली होती. सात-आठ वर्षांच्या पोराने हे केलं असतं तर त्याच्या आईने थोबाडीत दिली असती. इथे आई नव्हती, आणि मला वेळ नव्हता.

मी फाटकाशी जाऊन ढोल्याला ओरडून सांगितलं, तोड. त्याने कुलपाकडे बघितलं, मोठं, नवं, चकचकीत. मग बिजागऱ्यांकडे बघितलं. त्या जुन्याच होत्या. त्याने पंप सोडवला, पावाची गाडी मागे घेतली आणि आणून घातली फाटकावर. पहिल्या वेळी गाडीचं नाक चेपलं, फाटक हललं नाही. दुसऱ्या वेळी कुलपासकट आडवं झालं. पंप आम्ही दोघांनी ढकलत आत आणला. दीर बाजूला सरकले, चाक त्यांच्या बुटावरून जाऊ नये म्हणून.

पाणी आलं. भरपूर आलं. क्लोरिनच्या वासाचं, स्वच्छ, आमच्या चिटणिसांनी वास घेऊन पास केलेलं पाणी. गल्लीत पाइप पुन्हा ताठ झाला. पण तोवर जिना गेला होता. बाईंनी वर जाऊन घड्याळजीला काखेत दोर बांधला होता आणि खिडकीतून खाली सोडत होत्या. मी गल्लीत पोचले तेव्हा तो म्हातारा हवेत लोंबकळत होता आणि वर बघून ओरडत होता, माझी पेटी, माझी पेटी राहिली. मास्तरने आणि शेजारच्या एका माणसाने त्याला खाली झेलला. दोराचं दुसरं टोक खिडकीतून एकदम सैल खाली आलं. मग आतून एक आवाज आला. फार मोठा नव्हता तो. जड कपाट सरकवताना येतो तसा. तिसऱ्या मजल्याची जमीन खचली होती.

आम्ही उजेड संपेपर्यंत पाणी मारलं. गल्ली वाचली. क्लब वाचला, आणि आमच्या दिरांचा दवाखाना, तोही त्याच रांगेत होता. बाई दुसऱ्या दिवशी सापडल्या. त्यांच्या हातांच्या पंज्यांवर दोराचे वळ होते. म्हणजे शेवटपर्यंत त्यांनी दोर हळूहळू सोडला होता, एकदम टाकला नव्हता. मास्तरने ते बघितलं आणि बाहेर जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. आजूबाजूला भरपूर माणसं होती. त्याने कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

आता वस्तीचं बघा. कालपर्यंत आम्ही बादलीपलटण होतो. त्या आठवड्यात कुणी आम्हाला वाटेत थांबवून हात दाबायचं, कुणी ठाण्यावर बसायला गाद्या आणून द्यायचं. जी शेजारीण म्हाताऱ्याला वर सोडून जिना उतरली होती, ती सांगत फिरत होती की बाईंना वर जाताना तिनेच दार उघडून दिलं. घड्याळजी त्याच्या पुतण्याकडे राहायला गेला. त्याची पेटी जळली म्हणून त्याने शहराच्या कचेरीत तक्रार केली. तुकडीने निष्काळजीपणा केला, अशी.

आणि आमचे दीर. तिसऱ्या दिवशी बातमी आली की क्लबात सभा ठरली आहे. संकटकाळात क्लबाने आपला तलाव नागरिकांसाठी खुला केला, त्याबद्दल शहराचे बडे अधिकारी येऊन क्लबाचे आभार मानणार. भिंतीवर पितळी पाटी लागणार. पाटीवर चिटणिसांचं नाव, अध्यक्षांच्या नावाखाली पण त्याच आकाराच्या अक्षरात. आम्हा तिघांनाही बोलावणं होतं. बाईंच्या स्मृतीला वंदन करायचं होतं, तेव्हा आम्ही पुढे बसणं शोभेल असं दीर म्हणाले. हे ते मला म्हणाले. माझ्याशी थेट बोलण्याची त्यांची ही तिसरी वेळ असेल.

त्याच बोलण्यात त्यांनी सुचवलं की त्या दुपारी घाईगडबडीत किल्ली हातातून निसटली. असं होतं अशा वेळी. मला काय दिसलं असेल नसेल, धुरामुळे माणसाला नीट दिसत नाही. आणि धाकट्याला आघाडीवर उगाच काही कळवून त्याच्या डोक्याला ताप कशाला. मी म्हणाले, भाऊजी, तिथे धूर नव्हता, नुसती काजळी होती. ते हात धुवायला गेले.

मी सभेला जाणार नव्हते. मास्तर म्हणाला, जायचं. त्याने कोट काढला, बूट चमकवले, केसांना तेल लावलं. मला किळस आली खरी. वाटलं, याला शेवटी टाळ्याच हव्यात, कुणाच्या का असेनात.

क्लबाच्या जेवणाच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या. खिडकीतून रिकामा तलाव दिसत होता, तळाला काळा गाळ. भाषणं झाली. अधिकारी बोलले, अध्यक्ष बोलले. दिरांनी सांगितलं की त्या भीषण क्षणी त्यांच्यापुढे एकच विचार होता, पाणी हे सर्वांचं आहे. समोर बसलेल्या त्या दिवशीच्या झगेवाल्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एकाचंही डोकं खाली गेलं नाही. मग मास्तरला दोन शब्द बोलायला सांगितलं.

तो व्यासपीठावर चढला. मान उंच केली, सवयीने. मग म्हणाला, "बाई वर गेल्या तेव्हा आमच्याकडे पाणी होतं. पाणी गेलं तेव्हाही बाई जिवंत होत्या. पाणी भिंतीपलीकडे होतं आणि किल्ली या गृहस्थांच्या हातात होती. त्यांनी ती तलावात फेकली. आम्हाला फाटक तोडावं लागलं. तेवढ्या वेळात जिना जळला. फाटक उघडं असतं तर आज बाई इथे बसल्या असत्या आणि माझं भाषण लांबलं म्हणून माझ्याकडे बघत असत्या." आणि त्याने बोट दाखवलं. सरळ, हात पूर्ण लांब करून, नाचात शिकवतात तसं.

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, बराच वेळ. वक्ता थांबला की टाळ्या वाजवायच्या हे त्यांना माहीत होतं. मधे तो काय बोलला याची चौकशी करायची पद्धत त्या दालनात नव्हती. अध्यक्ष वाजवत होते. अधिकारी वाजवत होते, घड्याळाकडे बघत. आमचे दीरही वाजवत होते. त्यांच्या टाळ्यांचा आवाज मी ओळखला असता, ओल्या हातांसारखा.

मास्तर तिथेच उभा राहिला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली त्या टाळ्या होत्या त्या. त्याने वाकून मानवंदना दिली नाही. खाली आला, मला म्हणाला, "चल," आणि आम्ही तिघे बाहेर पडलो. रस्त्यात ढोल्या म्हणाला, "त्यांनी ऐकलंच नाही रे." मास्तर म्हणाला, "ऐकलं. म्हणून तर एवढ्या जोरात."

त्या संध्याकाळी मी कपडे उचलले आणि ठाण्यावर राहायला गेले. आरशाच्या खोलीमागे एक कोठी होती, मुली तिथे कपडे बदलायच्या. माझी तिथे सोय झाली. कोपऱ्यात बाईंचे जाड बूट होते, ते कुणी हलवले नव्हते. मीही हलवले नाहीत.

काही दिवसांनी जाऊबाई आल्या. दारात उभ्या राहिल्या. आत येऊ का हे विचारण्याची त्यांना सवय नव्हती, कारण त्या कुठे जातच नव्हत्या. मी खोका पुढे सरकवला, त्या बसल्या. निरोप घेऊन आल्या होत्या. घरी चल, लोक काय म्हणतील, धाकटा आला तर त्याला काय सांगायचं. त्यांनी तो पाठ म्हणावा तसा म्हटला. मग खाली बघत म्हणाल्या, "ते म्हणतात किल्ली निसटली."

मी म्हणाले, "फेकली."

"तेच," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातून कधी काही निसटत नाही. इतकी वर्षं बघतेय."

मला वाटलं आता त्या काहीतरी करतील. रडतील, निदान राहतील तरी. त्यांनी पदर सारखा केला, उठल्या, आणि संध्याकाळचा स्वयंपाक करायचाय म्हणून गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर त्या वळणापर्यंत गेल्या तोवर माझ्या मनात त्यांच्याबद्दलही चांगलं काही आलं नाही. सगळं ठाऊक असून पुन्हा वाढायला जाणारी बाई.

पितळी पाटी लागली. तलाव मात्र पुन्हा भरला नाही; लढाईत पोहण्यासाठी पाणी द्यायला शहराकडे नव्हतं. दीर सकाळी जायचे म्हणे, काठावर उभे राहायचे आणि परत यायचे. फाटक मोडल्याबद्दल क्लबाने तुकडीला लेखी समज दिली. मास्तरने ती घेतली नाही, ढोल्याने घेतली आणि भट्टीत घातली. आणि पुढच्या हल्ल्यात वस्तीतल्या लोकांनी आम्हाला वाटेत अडवून विचारलं, एवढा वेळ कुठे होता.

नवरा रजेवर आला. आधी थोरल्या भावाकडे उतरला, मग माझ्याकडे आला आणि म्हणाला की दादाचा स्वभावच तसा आहे, त्याच्या मनात काही नसतं. मी म्हणाले, "मलाही तेच वाटतं. काहीच नसतं." त्याला हा विनोद वाटला आणि तो हसला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो निघून गेला. मला वाटलं, झालं, हाही त्यातलाच. तिकडे गाद्या चांगल्या होत्या आणि जेवण वेळेवर.

परवा सकाळी तो पुन्हा आला. पिशवी बरोबर होती. माझ्याकडे न बघता त्याने मास्तरला विचारलं, रजेवरच्या माणसाला इथे काही काम आहे का. भावाला काय बोलला, बोलला की नाही, काही सांगितलं नाही. मास्तरने त्याला आदल्या दिवशी वाळत घातलेले पाइप दाखवले. तो गुडघ्यावर बसून गुंडाळायला लागला. मध्येच पीळ पडत होता, टोक आत अडकत होतं. ढोल्याने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मी नवऱ्याच्या हातातून तो पाइप काढून घेतला, सगळा उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून त्याच्यापुढे टाकला.

"सपाट धर आधी," मी म्हणाले. "मग गुंडाळ."